जाधव चहाला नाही म्हणाला

ताई, जाधव चहाला नाही म्हणाला.

हे मला तुम्हाला फोनवर सांगायचं होतं. ओरडून सांगायचं होतं, आणि तुम्ही नेहमीसारखं म्हणायला हवं होतं, "वंदना, हळू बोल, मला अजून ऐकू येतं." पण तुम्ही गेलात, आणि जाधव नाही म्हणाला तो त्याच्या पुढच्या आठवड्यात. एक आठवडा, ताई! जन्मभर लोकांना शिकवलंत, थांबा, घाई करू नका, समोरच्याला वेळ द्या. आणि स्वतः एक आठवडा थांबला नाहीत. मी रागावलेय तुमच्यावर. ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल.

परवा आमच्याकडे नवीन आलेल्या एका कॉन्स्टेबल पोरीने विचारलं, "मॅडम, त्या नलिनीताई तुमच्या कोण होत्या?" नात्याने तुम्ही माझ्या कोणीच नाही. तुम्ही नौपाड्याच्या, शाळेतून रिटायर झालेल्या बाई. मी मोहन्याच्या चाळीत वाढलेली हवालदार. घरातल्या मारहाणीचा कॉल आला, एखाद्या लेकराला घरातलंच कोणी छळतंय असं कळलं, तर त्या दारात जाऊन पोलिसाने काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे तुम्ही आम्हाला शिकवायचात. पुढे मी तुमच्या शेजारी उभी राहून तेच पोलिसांच्या भाषेत सांगायला लागले. एवढं सगळं त्या पोरीला कुठे सांगत बसू? मी म्हटलं, "पार्टनर होत्या." ती हसली. पण खरं तेच आहे. साहेबांच्या समोर तुम्ही माझी ओळख "ही माझी सहकारी" अशीच करून दिलीत, पहिल्या दिवसापासून. "ही आमच्याकडे मदतीला असते" असं नाही. मोठ्या घरच्या बायकांची ती सवय मला चांगली माहीत आहे, म्हणून सांगते, ते मी विसरलेले नाही.

तुमचा पहिला क्लास आठवतो? ठाण्यातला तो हॉल, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, आणि खुर्च्यांवर आम्ही सगळे, बंदोबस्त करून आलेलो, डोळ्यावर झोप. मागच्या रांगेत कोणीतरी बोललं, "आता ही आजी आपल्याला कायदा शिकवणार." तुम्ही ते ऐकलंत. ऐकून कापडी पिशवीतून एक स्टीलचा ट्रे काढलात, कडेला पोचा आलेला, आणि चार रिकामे कप. म्हणालात, "कायदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येतो. मी तुम्हाला चहा शिकवायला आलेय." हॉल हसला. मीपण हसले.

मग नाटक लावलंत. एक पोलीस नवरा झाला, एक लेडी कॉन्स्टेबल बायको झाली, दोघे वर्दीतले दारात आले. नवऱ्याला तुम्ही कानात एकच वाक्य सांगितलेलं. त्याने ते मोठ्याने म्हटलं, "या साहेब, बसा. अगं ए, साहेबांना चहा टाक."

आणि दोघेही साहेब बसले. एक म्हणाला, "अर्धाच." दुसरा म्हणाला, "साखर कमी."

बायको झालेली पोरगी पडद्यामागे गेली. साहेब लोकांनी नवऱ्याकडे विचारपूस केली, काय भांडण, कशावरून भांडण. नवऱ्याने झकास उत्तरं दिली. मग तुम्ही स्वतः, पांढऱ्या केसांच्या, तो ट्रे दोन्ही हातांत धरून छोट्या मुलीसारख्या हळूहळू चालत बाहेर आलात, कप दिलेत, परत आत गेलात. साहेबांनी रिकाम्या कपातला चहा प्यायला, नवऱ्याला समज दिली, उठले. सगळा हॉल टाळ्या वाजवतोय. आणि तुम्ही विचारलंत, "बाई कुठे आहे?"

साहेब झालेले दोघे पडद्याकडे बघायला लागले.

"जिच्यासाठी तुम्ही आलात, ती बाई कुठे आहे? आत आहे. गॅससमोर उभी आहे. तिला आत कोणी पाठवलं? नवऱ्याने नाही. तुम्ही. अर्धाच म्हणून."

ताई, मी इतकी वर्षं नोकरी केली, इतक्या घरांत गेले, आणि कुठल्याच घरातल्या चहाकडे मी असं बघितलेलं नव्हतं. कोणीच नव्हतं. आपल्याकडे दारात आलेल्याला चहा विचारतात, आणि आलेल्याने नाही म्हटलं तर माणसाला लागतं. यात वाईट काय आहे? काहीच नाही. म्हणून तर कोणाच्या लक्षात येत नव्हतं.

तेव्हा मागून जाधव उठला. सहाय्यक फौजदार, साताऱ्याकडचा, मिशा या अशा. पाठीमागे आपण दोघी त्याला अरेतुरेच करायचो, म्हणून इथेही तेच करते, त्याला चालतं. म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं चहाला नाय म्हटलं तर माणूस तोंड फिरवून बसतो. मग तो बोलणार काय? चहानं माणूस बोलता होतो. मी चहावर किती संसार जुळवलेत, विचारा कुणालाबी."

"बोलतं कोण होतं, जाधवसाहेब?"

"नवरा."

"आणि बायको?"

"अहो, पण मारणारा तोच हाय ना? मग त्यालाच बोलता करायला नको?"

तुम्ही एक क्षण अडलात. खोटं नका सांगू, अडलात. मी बघत होते. त्याच्या बोलण्यात दम होता, आणि तुम्हाला ते आवडलं नव्हतं.

तिथून तुमचं आणि त्याचं जे सुरू झालं ते शेवटपर्यंत. तो दर वेळी रिफ्रेशर कोर्सला यायचा, दर वेळी नाटकात दारातला पोलीस व्हायचा, आणि दर वेळी "अर्धाच" म्हणायचा. मुद्दाम म्हणतोय की तोंडातून निघून जातंय, ते आपल्याला कधी कळलं नाही. तुम्ही चिडायचात. तुमचं चिडणं म्हणजे काय, आवाज आणखी बारीक आणि मराठी आणखी शुद्ध. "जाधवसाहेब, आपण कृपया बसावं." तो बसायचा आणि मिशीतल्या मिशीत हसायचा.

आणि तुमचं-माझं भांडण वेगळंच. तुम्ही सांगायचात, नवऱ्याला बाहेर घ्या, बाईशी आत बोला, दोघांना एकमेकांचं तोंड दिसता कामा नये. बरोबर आहे. पण मी तुम्हाला म्हटलेलं, "ताई, तुमच्या नौपाड्यात घराला आत आणि बाहेर असतं. आमच्याकडे आत म्हणजे पडदा. एक खोली, त्यात मोरी, त्यातच गॅस. नवऱ्याला बाहेर घ्या म्हणजे कुठे घ्या? गॅलरीत उभा केला तर तो दाराला कान लावून उभा. आणि 'चल बाहेर' म्हटलं की त्याला कळलं, बायको बोलणार आहे. आपण गेल्यावर तिचं काय?"

तुम्ही म्हणालात, "मग काय करायचं ते तू शोध. तिथली तू आहेस."

मला राग आलेला. शिकवणाऱ्या तुम्ही, आणि शोधू मी? मोहन्याला आमच्या विहारात तुम्हाला बायकांशी बोलायला घेऊन गेले ती त्याच रागात, बघा म्हटलं आमच्या खोल्या. तुम्ही एकेका घरात गेलात, जमिनीवर बसलात, आणि परत निघताना रिक्षात एकदम गप्प. मला वाटलं, जिंकले. मग तुम्ही बोललात.

म्हणालात, "वंदना, ती ट्रे घेऊन येणारी मुलगी मीच आहे."

मला आधी समजलंच नाही. मला वाटलं नाटकाबद्दल बोलताय. मग तुम्ही सगळं सांगितलंत, रिक्षावाला ऐकतोय याची पर्वा न करता. तुम्ही लहान होतात. वडील आईला मारायचे. चांगली नोकरी, चांगलं नाव, आणि घरात हे. एकदा शेजाऱ्यांनी पोलीस बोलावला. हवालदार आला, वडिलांनी बसवला, आईला आत चहा करायला लावलं. आईच्या तोंडाला सूज होती म्हणून तिने ट्रे तुमच्या हातात दिला. तुम्ही तो बाहेर नेलात. तुम्हाला वाटलेलं, हे काका आता आपल्याला काहीतरी विचारतील. त्यांनी घोट घेतला, तुमच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चहा छान झालाय हो." आणि गेले.

"माणूस वाईट नव्हता गं तो," तुम्ही म्हणालात. "तेच तर आहे ना. वाईट माणसं सुधारायला मी जातच नाही. मी चांगल्या माणसांना शिकवते."

तेव्हा मला कळलं तुम्ही चहा का पीत नाही. इतकी वर्षं मी समजत होते पित्ताचा त्रास. मी तुम्हाला काहीतरी बोलायला हवं होतं, पण मी रिक्षावाल्याला म्हटलं, "दादा, डावीकडे घ्या." त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही. आत्ताही सुचत नाही, पण आता निदान तुम्हाला सांगण्यासारखं काहीतरी आहे माझ्याकडे.

हॉस्पिटलमध्ये शेवटी आले तेव्हा तुम्ही अर्ध्या झालेल्या. तरी विषय तोच. "जाधवला सोडून दे, वंदना. तो रिटायर होईल, पण चहा सोडणार नाही. माझ्या हातून नाही झालं ते."

"होईल. लावता पैज?"

"मरायला टेकलेल्या बाईशी पैज लावतेस?"

"मग तर लावाच!"

तुम्ही हसलात, हसता हसता खोकलात, आणि नर्सने येऊन मला झापलं. मग ती गेल्यावर तुम्ही छताकडे बघत बोललात. "वर्गात सगळे शहाणे असतात गं. टाळ्या वाजवतात, माझ्या पाया पडतात. दारात काय करतात ते मला कुठे दिसतं? मी कोणाला काही शिकवलं की नुसतंच नाटक करत फिरले, हे मला कोण सांगणार?"

मी म्हटलं, "मी सांगेन."

तर आता सांगते. नीट ऐका.

रविवार होता, दुपारची वेळ. मानपाड्याच्या पुढे, एमआयडीसीच्या पलीकडे चाळी आहेत तिथून कॉल आला. शेजारणीने केलेला, पोरीच्या रडण्याचा आवाज येतोय म्हणून. ड्युटीवर मी आणि कोण? तुमचा जाधव. मी कपाळावर हात मारला. गाडीत त्याला म्हटलं, "साहेब, शेजारणीचं नाव काढायचं नाही हां." तो म्हणाला, "मोरेबाई, मला शिकवू नका." झालं, मी तोंड बंद केलं.

वर गेलो. एकच खोली, तुम्ही मोहन्याला बघितल्यात तशीच. सगळ्या चाळीत रविवारच्या मटणाचा वास, आणि ह्या एका घरात गॅस बंद. नवरा आंघोळ करून, केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट. एवढा गोड बोलणारा माणूस, ताई, की मला तिथेच समजलं. बाई गाऊनवर ओढणी घेऊन भिंतीला टेकलेली. पोरगी कपाटाच्या आणि भिंतीच्या मध्ये, जेमतेम तिसरी-चौथीतली, हातात बंद पडलेला रिमोट.

"या या साहेब. काय, कोणी काही सांगितलं का? अहो, पोरं आहेत, रडतात. बसा ना." आणि मग मान न वळवता, "अगं, साहेबांना चहा टाक."

शब्दाला शब्द तोच! तुम्ही नाटकात कानात सांगायचात तोच. बाई भिंतीपासून सुटली, गॅसकडे निघाली. मी जाधवकडे बघितलं. मला त्याच्या मिशीखाली "अर्धाच" दिसत होता. देवाशप्पथ दिसत होता.

जाधवने मिशीवरून हात फिरवला. म्हणाला, "वहिनी, थांबा. घरचा चहा नको."

बाई जागच्या जागी थांबली.

नवरा म्हणाला, "असं कसं साहेब, पहिल्यांदा आलात..."

"चहा तर पाहिजेच," जाधव म्हणाला. "तुमचा मान मोडणार नाय मी. पण मला आपला टपरीवरचा लागतो, कडक, आलं ठेचलेला. चला, दाखवा इथली चांगली टपरी कुठली. तुम्ही पाजता, का मी पाजू?"

आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. मित्रासारखा. आता त्या माणसाने काय करावं? चहा त्यानेच विचारलेला. नाही म्हणता येईना. एकदा बायकोकडे बघितलंन, डोळ्यांनी दम दिलान, ते मी पाहिलं, आणि चप्पल घातलीन. दोघे जिना उतरले. जाधवचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता, गाव कुठलं तुमचं, कंपनी कुठली, शिफ्ट कुठली.

ताई, चहाला नाही म्हणाला आणि चहालाच घेऊन गेला! तुमचंही खरं झालं, त्याचंही खरं झालं, आणि मी जे शोधायचं म्हणून तुम्ही सांगितलेलं ते त्याने एका वाक्यात शोधलं. एका खोलीला आत-बाहेर नसतं ना? मग बाहेर म्हणजे टपरी! मला तिथे दारात नाचावंसं वाटलं. पण खोलीत त्या दोघी होत्या, आणि पुढचं काम माझं होतं.

मी टोपी काढली, खाली फरशीवर बसले. काही विचारलं नाही. मला किती जड जातं ते तुम्हाला माहीत आहे. "वंदनाला बोलायला शिकवावं लागलं नाही, गप्प बसायला शिकवताना माझे केस पांढरे झाले," असं तुम्ही प्रत्येक बॅचला सांगायचात. बसले गप्प. बाई म्हणाली, "काही नाही मॅडम, मी पडले." मी मान हलवली. "मोरीत पाय घसरला." मी मान हलवली. आतून मी उकळत होते, कधी त्याचा चहा संपेल आणि कधी तो वर येईल. तरी गप्प.

मग कपाटाच्या कडेने आवाज आला. "तुम्ही चहा नाही पिणार?"

मी म्हटलं, "नाही गं."

"मागच्या वेळी पोलीसकाका आलेले ना, ते चहा पिऊन गेले." थोडं थांबून म्हणाली, "मीच दिलेला. मम्मीचा हात दुखत होता म्हणून."

ताई, माझ्या डोळ्यांसमोर तुमचा ट्रे आला. त्या पोरीच्या जागी मला तुम्ही दिसलात, दोन वेण्या, ट्रे धरलेले हात. रडू मी आवरलं, कारण तुम्ही सांगितलेलं, पोरासमोर आपण रडायचं नाही, मग ते आपल्यालाच सांभाळत बसतं. मी तिला म्हटलं, "आज तू कोणाला काही द्यायचं नाहीस. आज साहेब पप्पांना चहा पाजतायत. मी इथे तुझ्यासाठी आणि मम्मीसाठी बसलेय. तुला वाटलं तर बोल, नाही वाटलं तर नको."

ती उठली, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि फ्रॉक वर केला.

पट्ट्याचे वळ होते. जुने, नवे. मी हात लावला नाही, का, कशाने, काही विचारलं नाही. फक्त म्हटलं, "दाखवलंस ते फार बरं केलंस. यात तुझी काहीच चूक नाही." बस. तुम्ही घोकून घेतलेली वाक्यं, ताई. क्लासमध्ये ती म्हणताना मला दर वेळी पुस्तकी वाटायची. तिथे वाटली नाहीत. आणि मग आई भिंतीवरून घसरत खाली बसली आणि बोलायला लागली. मघाचं पडणं-बिडणं सगळं बाजूला राहिलं. सगळं बोलली. पोरीला वाचवायला मी मध्ये पडायचे, मग दोघींना मार, असं ती सांगत होती, आणि पोरगी येऊन तिच्या मांडीवर बसली.

खाली जाधवने एकावर एक कटिंग मागवले, हे त्याने मला नंतर सांगितलं. तो माणूसही बोलता झाला, अगदी जाधव म्हणायचा तसा. "बाईमाणसाला आणि पोरांना थोडा धाक लागतो साहेब, तुम्हाला तर माहीत आहे." जाधव म्हणाला, "मला माहीत नाय. सांगा." पोलिसासमोरचं असलं बोलणं कोर्टात चालत नाही, ते आम्हालाही कळतं. पण समज देऊन सोडायचं की गुन्हा दाखल करायचा, याबद्दल जाधवच्या मनात जे काही उरलेलं असेल ते त्या टपरीवर संपलं. वर आला तेव्हा त्याचा चेहरा मी ओळखला नाही. नवऱ्याला गाडीत बसवून आला आणि मला दारातूनच, आत पाऊल न टाकता विचारलं, "वहिनींची परवानगी असेल तर येऊ का?"

गुन्हा दाखल झाला. पोरीला आणि आईला डॉक्टरकडे नेलं, कागद सगळे नीट झाले, बालकल्याण समितीला कळवलं, आणि दोघी टिटवाळ्याला मावशीकडे सुखरूप आहेत. नवरा आत आहे. पुढे केस चालेल, लांबेल, मी स्वप्नं रंगवत नाही. पण त्या रविवारी त्या दारात आपण जिंकलो, ताई. सरळ जिंकलो. कोणी अर्धा कप मागितला नाही, कोणी बाईला आत पाठवलं नाही, आणि पोरगी पोलिसासमोर बोलली.

संध्याकाळी सवयीने फोन काढला आणि तुमचा नंबर लावला. रिंग वाजायला लागल्यावर मला आठवलं. कापणार तेवढ्यात तुमच्या सुनेने, मृणालने, उचलला. "बोला वंदनाताई," म्हणाली. मी काय बोलणार, भोकाड पसरलं नुसतं. ती म्हणाली, "घरी या ना. आईंचे दिवस वगैरे काही करायचे नाहीयेत, त्यांनीच सांगून ठेवलंय. पण तुम्ही या."

मी जाधवला सांगितलं, तो म्हणाला मीपण येतो. साध्या कपड्यात आला, केसांना तेल लावून, वर्दीशिवाय अगदीच कोणाचातरी मामा दिसत होता. जिन्यात म्हणाला, "मोरेबाई, मॅडमना हे समजायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "मग आधी नाही म्हणायला काय झालेलं तुम्हाला? इतक्या वेळा अर्धाच, अर्धाच!" तो जिन्यात थांबला. म्हणाला, "अहो, नुसतं नाय कसं म्हणायचं, तेच जमत नव्हतं. नाय म्हणून पुढं काय करायचं ते सापडलं, मग म्हटलं." आणि रुमाल काढून डोळे पुसलेन, उघड, लाजला पण नाही.

तुमच्या हॉलमध्ये तुमचा फोटो, बाजूला निशिगंध. आम्ही नमस्कार केला, बसलो. मी मृणालला सगळं सांगितलं, रविवारचं. ती ऐकत होती, तुमच्यासारखीच, मध्ये एक शब्द न बोलता. संपल्यावर डोळे पुसत उठली आणि म्हणाली, "थांबा हं, चहा टाकते."

जाधव लगेच उठून उभा.

"वहिनी, तुम्ही बसा. मोरेबाईंशी बोला. चहा मी टाकतो."

ती नको नको म्हणतेय, हा ऐकायला तयार नाही. गेला आत. आतून डबे उघडल्याचे आवाज, साखर कुठंय, आलं हाय का, गाळणी सापडली. मृणाल आणि मी बोलत बसलो, तुमच्याबद्दल, हॉस्पिटलबद्दल, आणि तुम्ही तिला कधीच न सांगितलेल्या काही गोष्टींबद्दल. कोणी मध्ये आलं नाही. तिला रडायचं होतं तेवढं ती रडली.

मग पडदा बाजूला झाला आणि जाधव बाहेर आला. दोन्ही हातांत ट्रे. तोच, स्टीलचा, कडेला पोचा आलेला. नाटकातलाच हा, ते त्याच्या लक्षातही आलं नसेल, ओट्यावर दिसला म्हणून घेतला असेल. चहा सांडू नये म्हणून हळूहळू चालत होता, जीभ बाहेर काढून, लहान मुलासारखा. आधी मृणालसमोर वाकला, मग माझ्यासमोर.

ताई, त्या घरातून या घरापर्यंत, तुमच्या लहानपणापासून आत्तापर्यंत, ट्रे नेहमी पोरीच्या हातात होता आणि कप पोलिसाच्या. आज पोलीस ट्रे घेऊन उभा होता आणि आम्ही दोघी बसलेलो.

मी घोट घेतला. साखर जास्त झालेली, आलं घशाला लागत होतं. जाधव ट्रे छातीशी धरून उभाच. म्हणाला, "कसा झालाय?"

मी तुमच्या फोटोकडे बघितलं, आणि म्हटलं, "छान झालाय हो."